दुमडीतले धागे

१४ मार्च, गुरुवार. सकाळपासून वारा. साडेआठला रफूबाईबरोबर कोर्टात गेले. दारावर तिची छोटी कातर काढून घेतली, बदल्यात पितळी बिल्ला दिला. चार तास बाकावर बसलो. पावणेएकला तिचा पुकारा झाला. कोटाचं अस्तर भर कोर्टात उसवलं. परतताना ती एक शब्द बोलली नाही. घरी नळाला पाणी नव्हतं.

माझ्या डायरीच्या उजव्या पानावर फक्त घडलेलं असतं; वाटलेलं डाव्या पानावर. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली ही शिस्त त्यांच्या छडीपेक्षा जास्त टिकली. त्या गुरुवारचं डावं पान मात्र मला पुरलं नाही. पुढच्या तीन दिवसांची डावी पानंही भरली, तरी राग आजपर्यंत उतरला नाही. म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे. माझ्याबद्दल नाही, आमच्या रफूबाईबद्दल.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. एक खुर्ची, मान वाकवता येणारा दिवा, कापड ताणून धरायचा लाकडी गोळा आणि सुयांनी भरलेली एक उशी. शिलाई मशीन नाही. नवं ती काही शिवत नाही. सिगारेटने जळलेलं, कसरीने खाल्लेलं, खिळ्यात अडकून फाटलेलं असं काही घेऊन या, ती ते असं विणून देईल की तुम्हालाच शोधून सापडायचं नाही. शाळेत सिस्टरांनी आम्हालाही मोजे रफू करायला शिकवलं होतं. माझं रफू म्हणजे जखमेवर बांधलेली पट्टी. तिचं रफू म्हणजे जखम झालीच नव्हती.

तिची कामाची रीत ठरलेली. कपडा आला की एक चिठ्ठी टाचायची, कपडा परत गेला की चिठ्ठी फाडून टाकायची. वही नाही, पावती नाही. आणि कसं फाटलं, हे गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, एवढं मोठं भोक, विचारलं तर काय बिघडतं?" तर म्हणाली, "ताई, फाटकं घेऊन येणारा माणूस आधीच ओशाळलेला असतो. मी चौकशा केल्या तर तो उद्या पिना लावून फिरेल, पण माझ्याकडे यायचा नाही."

लग्न तिने केलं नाही. धाकट्या भावाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, आणि आता त्याचे टोमणे ऐकते. भाऊ विजेच्या सामानाच्या दुकानात नोकरीला आहे. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक मुलगी तिच्याकडे राखी रंगाचा लोकरी कोट घेऊन आली. कोट मुलीचा नव्हता, वहिनीचा होता. नव्या नोकरीतल्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला घालायला मागून घेतलेला. समोरची दोन बटणं कापडासकट उपटून निघाली होती. मुलगी एवढंच म्हणाली, "वहिनीला कळता कामा नये." रफूबाईने नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. घाईचं काम दिसलं म्हणून हातातली माझी शाल बाजूला ठेवली आणि कोट आधी घेतला. मुलगी स्टुलावर अर्धा तास नुसती बसून राहिली, मग उठून गेली. तीन दिवसांनी कोट घेऊन गेली. चिठ्ठी फाडली, विषय संपला.

अकरा दिवसांनी मुलीने तक्रार केली, आणि विषय देशभर झाला. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, तो खेळांचा समालोचक होता. तीस वर्षं त्याचा आवाज घराघरात. आमचे हे असताना त्या आवाजासाठी जेवणाची ताटं झाकून ठेवावी लागायची. मुलगी त्याच्याच कार्यालयात साहाय्यक होती. तिचं म्हणणं, कार्यक्रमानंतर त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि जबरदस्ती केली. त्याचं म्हणणं, ती खोलीत आलीच नव्हती.

मग जे सुरू झालं त्याला खटला म्हणायची माझी तयारी नाही. खटला कोर्टात चालतो. हा किराण्याच्या दुकानात, बसथांब्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर चालला. अर्धे म्हणत, असा माणूस असं करेलच कसा? अर्धे म्हणत, त्याच्या डोळ्यांतच दिसतं, द्या फाशी. पुरावा कुणी मागितला नाही, मागायची कुणाला गरजही वाटली नाही. मुलीचे जुने फोटो शोधून काढले गेले. ती एका फोटोत हसत होती. हसणाऱ्या मुलीवर बलात्कार होत नाही, असा काहीतरी शोध लागला असावा.

पोलीस रफूबाईकडे आले. कोट कधी आला, तिला तारीख सांगता येईना. तेव्हा मी माझी डायरी काढली. ९ नोव्हेंबर, मंगळवार: 'शाल रफूला दिली. घाईचा राखी कोट आला म्हणून शुक्रवारी मिळेल.' ती ओळ त्यांनी उतरवून घेतली. मग तिला विचारलं, "कोट तुम्ही दुरुस्त केला?" ती म्हणाली, "हो." "फाटला होता?" "हो." झालं. सही घेतली आणि गेले. कसा केला, धागा कुठून आणला, हे कुणी विचारलं नाही. आणि तिनेही सांगितलं नाही, कारण धागा कुठून येतो हे जगात सगळ्यांना माहीत असतं अशीच तिची समजूत. पाव पिठाचा होतो हे कुणी पोलिसांना सांगतं का?

कोट तपासायला गेला. अहवाल आला: कापड अखंड, फाटल्याची खूण आढळली नाही. समालोचकाच्या वकिलांनी तो कागद टीव्हीवर फडकवला. कोट फाटलाच नव्हता, मुलगी पहिल्या वाक्यापासून खोटं बोलते आहे, आणि जिन्याखालची एक बाई तिला साथ देते आहे.

त्या संध्याकाळी मी खाली गेले, तेव्हा रफूबाई दिवा बंद करून बसली होती.

"माझ्या हातांनी पुसलं मी ते," ती म्हणाली. "जरा वाईट काम केलं असतं तर पोरगी वाचली असती."

भाऊ दारात उभा होता. "तरी सांगत होतो, रेडीमेड चिकटपट्टी लावत जा. कलाकार व्हायचंय बाईसाहेबांना! आता जा कोर्टात. तुझ्यासाठी तो आवाज कायमचा बंद पडायचा का?"

"तुला त्याचा आवाज आवडतो म्हणून तो खरा का रे?"

"आणि तुला पोरगी आवडली म्हणून ती खरी?"

यावर रफूबाईने दिवा लावला आणि सुईत धागा ओवला. मला वाटलं, विषय टाळते आहे. तसं नव्हतं. भावाचं म्हणणं तिला पटलं होतं.

साक्षीचं बोलावणं यायला दोन वर्षं लागली. बोलावणं आलं त्या आठवड्यात मी तिला जे म्हटलं, ते उजव्या पानावर लिहिलं आहे, म्हणून लपवता येत नाही. मी म्हटलं, "कोर्टात सरळ सांग, पुरुषाच्या हाताने ओढलेलं होतं. तुला कापड कळतं. तुझ्या शब्दाला वजन आहे."

तिने सुई उशीत खोचली. "ताई, मी बावीस वर्षांची होते तेव्हा एका मोठ्या ड्रायक्लीनरकडे कामाला होते. एका बाईच्या कोटातली सोन्याची पिन हरवली. कोट माझ्या हातात होता. मालक म्हणाला, घेतली नाहीस हे सिद्ध कर. कसं सिद्ध करू? न घेतलेली वस्तू कुठून काढून दाखवू? सगळे म्हणाले, हिचीच नजर आधीपासून त्या पिनेवर होती. मला काढून टाकलं. दोन वर्षं या गावात मला कुणी सुईसुद्धा हातात दिली नाही."

"मग?"

"मग काय. खिशाला भोक होतं. पिन अस्तरात उतरली होती. त्या बाईच्या सुनेला सापडली. भोक आहे हे मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं." ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "म्हणून मी पाहिलं तेवढंच सांगणार. त्याच्यावर आरोप आहे, तर सिद्ध सरकारने करायचं. ते मला मान्य आहे. कुणाचा हात होता हे धागा सांगत नाही. मी सांगितलं, तर मी त्या मालकासारखी होईन."

मला लाज वाटली. आणि त्याच वेळी रागही आला, की इतक्या काटेकोर बाईला खोटारडी म्हणणारे लोक टीव्हीवर टाय लावून बसतात.

आता कोर्टाचं. मुलीची साक्ष बंद दाराआड झाली होती. रफूबाईची उघड्या कोर्टात होती. ती इस्त्रीची साडी नेसून पिंजऱ्यात उभी राहिली. समालोचक पुढच्या रांगेत, शांत, हातात पाण्याची बाटली. त्याचे वकील उंच, आवाज गोड.

"किती शिकलात आपण?"

"सातवी."

"आणि तज्ज्ञांनी भिंगाखाली जे पाहिलं नाही, ते आपण पाहिलंत."

"त्यांच्याकडे गेला तेव्हा रफू झाला होता. माझ्याकडे आला तेव्हा फाटका होता."

वकिलांनी कोट तिच्या हातात दिला. "दाखवा, कुठे फाटला होता."

तिने चष्मा काढला. डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाशी थांबली. "इथे. आणि इथे."

"मला काही दिसत नाही. माननीय न्यायाधीशांनाही दिसणार नाही. आपल्याला दिसतंय?"

"नाही."

"नाही?"

"दिसलं असतं तर मी कोट परत दिला नसता. पुन्हा केला असता."

मागच्या बाकांवर लोक हसले. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसे गप्प झाले. वकिलांना मात्र तेच हवं होतं. ते वळले आणि म्हणाले, "म्हणजे साक्षीदार स्वतःच कबूल करतात, की त्यांच्या शब्दापलीकडे इथे काहीही नाही."

"असं कसं? आत बघा ना," रफूबाई म्हणाली.

"आत म्हणजे?"

"अहो, धागा मी काय आभाळातून आणला? असा राखी रंग बाजारात मिळत नाही. त्याच कोटाचा धागा लागतो. खालच्या घेराला आत दुमड असते, अस्तराने झाकलेली. तिथून एकेक धागा काढून घेतलाय मी. अस्तर उसवा."

दोन वर्षं हा कोट पाकिटातून कपाटात आणि कपाटातून टेबलावर फिरत होता. पोलीस, तज्ज्ञ, दोन्हीकडचे वकील, सगळ्यांनी तो बाहेरून पाहिला होता. जिने तो हाताळला, तिला 'कसं केलंस' एवढा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. सातवी शिकलेल्या बाईला विचारण्यासारखं काय असणार?

वकील उठून आक्षेप घेऊ लागले. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं आणि रफूबाईला म्हणाले, "उसवा." शिपायाने ब्लेड आणलं. ती म्हणाली, "ब्लेडने नाही. कापडाला लागेल. माझी कातर दारावर ठेवलीय." मग तिचा पितळी बिल्ला घेऊन शिपाई खाली गेला, आणि सारं कोर्ट एका बोटभर कातरीची वाट पाहत बसलं. समालोचकाने बाटलीतलं पाणी पिऊन संपवलं.

तिने चार टाके कापले, अस्तर बाजूला केलं. दुमडीच्या कापडात दोन उभ्या आणि दोन आडव्या विरळ पट्ट्या होत्या. पातळ केसांतून डोकं दिसावं तशा. न्यायाधीशांनी कोट जवळ मागवला. तिने सांगितलं, एका भोकाला उभे इतके आणि आडवे इतके, दुसऱ्याला थोडे कमी. कारकुनाने मोजले. दोनचा फरक आला. ती म्हणाली, "दोन तुटले होते माझ्याकडून."

सरकारी वकीलबाईंचा चेहरा उजळला. त्या लगबगीने उठल्या. "म्हणजे बटणं जोराने ओढून काढली होती, पुरुषाच्या हाताने?"

"ओढलेली होती. कापलेली नव्हती. हात कुणाचा, ते मला माहीत नाही."

वकीलबाईंचा चेहरा उतरला. लगेच समालोचकाचे वकील उठले. "दाराच्या कडीत अडकूनही निघतील?"

"एक निघेल. दोन वेगळ्या जागची दोन, अशी चाळीस वर्षांत मी पाहिली नाहीत. पण मी पाहिली नाहीत म्हणजे होतच नसेल, असं नाही."

परतताना ती बोलली नाही ते याचसाठी: खरं तेवढंच सांगितलं, आणि त्यानेच पोरीचं नुकसान केलं असं तिच्या मनात होतं.

२६ जूनला निकाल लागला. समालोचक सुटला. रस्त्यावरून गाड्या हॉर्न वाजवत गेल्या. टीव्हीवर अक्षरं झळकली: 'खोट्या आरोपाचा बुरखा फाटला!' रफूबाईच्या भावानेही फोन करून विचारलं, "काय, समाधान झालं?"

वकीलबाईंकडून मी निकालाची प्रत मागून घेतली. एक्केचाळीस पानं, भिंग घेऊन वाचली. त्यात लिहिलं आहे: कोट फाटला होता, हे सिद्ध झालं. रफूबाईची साक्ष विश्वासार्ह आहे. मुलगी खोटं बोलते, असं म्हणायला आधार नाही. पण बंद खोलीत काय झालं आणि कुणी केलं, हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध झालेलं नाही, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला.

हा नियम मला मान्य आहे. रफूबाईची पिन ऐकल्यावर तर जास्तच. एका माणसाला तुरुंगात घालायचं तर तेवढं सिद्ध व्हायलाच हवं, मग त्याचा आवाज आपल्याला आवडो किंवा न आवडो. पण मग तोच नियम मुलीला का नाही? ती खोटारडी आहे, हे कोणत्या कोर्टात सिद्ध झालं? कोणत्या पानावर? त्याच्यासाठी शंकेचा एक धागाही मोलाचा, आणि तिच्यासाठी बसथांब्यावरच्या गप्पा पुरेशा. 'सिद्ध झालं नाही' याचा अर्थ 'घडलं नाही' असा लावून हॉर्न वाजवणाऱ्यांपैकी एकाने तरी एक्केचाळीस पानं वाचली आहेत का? आणि तपासात कोटाचं अस्तर दोन वर्षांपूर्वीच उसवलं असतं, कार्यालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याला वेळेवर विचारलं असतं (त्याची साक्ष इतकी उशिरा झाली की त्याला काहीच आठवेना, हेही निकालात आहे), तर आज काय लिहिलं गेलं असतं? पुराव्याचं ओझं सरकारवर आहे म्हणतात. मला तर ते सुरुवातीपासून एका मुलीच्या आणि एका रफूवाल्या बाईच्या खांद्यावर दिसलं. सरकारने फक्त पाकिटावर नंबर टाकला.

निकालानंतर चौथ्या दिवशी मुलगी जिन्याखाली आली. मी तिथेच बसले होते. रफूबाई तिला पाहून उभी राहिली, हातातला लाकडी गोळा खाली पडून घरंगळत माझ्या पायाशी आला.

"मावशी, कोट इतक्यात मिळणार नाही," मुलगी म्हणाली. "वकीलबाई वरच्या कोर्टात जाणार आहेत."

"मी वाटोळं केलं गं तुझं," रफूबाई म्हणाली. "इतकं बारीक काम करायला नको होतं. आणि विचारायला हवं होतं तुला."

"विचारलं असतंत तर मी पळून गेले असते." मुलगी स्टुलावर बसली, त्याच. "तेव्हा मला ते फाटलेलं दिसू नये एवढंच हवं होतं. तुम्ही तेच केलंत."

"मग आता?"

"आता सगळ्यांना दिसावं असं वाटतं." मग ती म्हणाली, "निकालात लिहिलंय, फाटला होता. वहिनीने ते पान फोटो काढून नातेवाइकांना पाठवलं. काही बोलली नाही, नुसतं पान पाठवलं."

रफूबाईने गोळा माझ्या हातून घेतला, पुसला. मग मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे कोऱ्या वह्या असतात ना? एक द्या. आता चिठ्ठ्या फाडणार नाही. कपडा आला की लिहून ठेवीन: कुठे फाटला, किती, ओढलेला की कापलेला, धागा कुठून घेतला. कसा फाटला ते विचारणार नाहीच. पण सांगितलं कुणी, तर तेही लिहीन. माझे शब्द नाही, त्यांचे."

"रेघांची की बिनरेघांची?" मी विचारलं.

"रेघांची. माझं अक्षर वर चढतं."

मी वर येऊन वही काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती तिथेच उघडली. मुलीच्या आधी एक म्हातारे गृहस्थ कोपराला फाटलेलं स्वेटर ठेवून गेले होते, ते तिने पहिल्या ओळीत लिहिलं: तारीख, कोपर, दोन बोटं, झिजलेलं. मग पान उलटलं, वर ९ नोव्हेंबर घातलं, आणि मुलीला म्हणाली, "आठवतं तेवढं मी लिहिते. चुकलं तर सांग."

३० जून, रविवार. कपाटातल्या रेघांच्या वह्यांपैकी एक खाली दिली, तीन उरल्या. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला, गळती थांबली.